टाकून दिलेली सिंफनी

जर्मनीतल्या लाइप्त्सिगला एकाच संगीतकाराच्या सिंफनींच्या मैफलीचं मध्यंतर. वाइनच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं.

“लोरे, मघापासून एकही सूर ओळखीचा वाटला नाही गं. भीती वाटतेय.”

“कसा वाटणार, ऑटमार? विशीत लिहून त्यानं स्वतःच टाकून दिलेली सिंफनी ती. आजवर कुणी वाजवलीच नाही.”

“म्हणजे माझं डोकं शाबूत आहे ना?”

“माझ्यापेक्षा जास्त. जा, खिडकीशी जागा धर.”

तो हसत गेला. मला राहवेना.

“बाई, टाकून दिलेली मध्यंतरानंतर आहे. आत्ता झाली ती त्याची गाजलेली चौथी सिंफनी.”

“ठाऊक आहे. हळू बोला. इथल्या वाद्यवृंदात त्या चौथीतला हॉर्न जन्मभर माझ्या नवऱ्यानंच वाजवलाय.”