हाराखालची शीळ

जबाब
सोलापूर, ता. २२ एप्रिल १९७५

नाव धुळा कोंडीबा मेटकरी, वय अदमासे ५३, धंदा लाउडस्पीकर भाड्याने देणे, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर एकटा राहतो. मूळचा सांगोला तालुक्यातला. लहानपण मेंढरांमागे गेले. अंधारात कोणते मेंढरू खोकले ते मी न बघता सांगत असे. सोलापुरात येऊन आधी दुसऱ्याचे कर्णे वाहिले, मग स्वतःचे घेतले. आज टांगा माझा, घोडी माझी, बॅटरी माझी. पत्नी तानाबाई हयात नाही. मूलबाळ नाही.

शिवलिंगप्पा महादेवप्पा हत्तुरे हे माझ्या भिंतीला भिंत लागून राहतात. पूर्वी ते माझ्या टांग्यात बसून सिनेमाची जाहिरात करीत. एकच सिनेमा मराठी, कानडी, तेलुगू अशा तिन्ही भाषांत सांगत. पुढे त्यांना घशाचा कॅन्सर झाला. मुंबईस ऑपरेशन करून आवाजाची पेटी काढली व गळ्याखाली कायमचे भोक ठेवले. ते त्या भोकातूनच श्वास घेतात. नाकाचा आणि छातीचा आता संबंध नाही. भोकावर ओले मलमलीचे फडके लागते, नाहीतर कफ वाळून खपली धरतो. हे त्यांनी लाजेपोटी सख्ख्या बहिणीलाही दाखविले नव्हते. वर सदा मफलर, उन्हाळ्यातही. मला दाखविले होते.

दिवेलागणीस मी त्यांच्याकडे बसतो. मी बोलतो, ते पाटीवर लिहितात. एकदा लिहिले, "इतकी वर्षं मी वरडलो, तू घोडी हाकलीस. आता तू वरड." मी त्यांना 'मी गळ्यातून श्वास घेतो' अशी पत्र्याची पट्टी रंगवून दिली होती. गळ्यात अडकवा म्हटले, तर "मी काय म्हस हाय?" असे लिहून त्यांनी ती फळीवर ठेवून दिली.

शनिवारी मी मुळेगावी लग्नाला कर्णे लावून दुपारी परत आलो. कर्णे अजून टांग्यावरच होते. शेजारून रडणे ऐकू आले म्हणून आत गेलो. शिवलिंगप्पांना त्यांच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे मयत म्हणून भिंतीशी मांडी घालून बसविले होते. कपाळावरून पट्टा नेऊन खुंटीला बांधला होता. कपाळी विभूती, मफलरवरून झेंडूचा मोठा हार. खड्डा खणायला माणसे गेली होती. त्यांची बहीण सावित्रम्मा आठवड्यापूर्वीच अक्कलकोटकडील गावाहून आली आहे. ती पायाशी होती.

मी रोजच्या जागी बसलो. तेवढ्यात अंत्यविधी करणारे स्वामी दारात आले म्हणून बायका रडायच्या थांबल्या. त्या शांततेत बारीक शीळ ऐकू आली. ती माझ्या ओळखीची आहे. रात्री भिंतीपलीकडून येते.

मी म्हणालो, "गप बसा जरा. आप्पा श्वास घ्यायलेत."

गल्लीतील गुंडा नावाचा पोरगा म्हणाला, "धुळामामा, हितं तरी तुमचा भोंगा बंद ठेवा की."

शेजारीण गोजरबाई म्हणाली, "आरं, रांजणापाशी पडले तवाच कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली. नाकाशी कापूस धरला, त्यो हलला न्हाय."

मी म्हणालो, "मावशे, नाकाला काय इचारता? नाक नुसतं तोंडावर ठेवलंय. बिऱ्हाड खाली हाय."

हार उचलून मफलर सोडला. फडके पापडासारखे वाळून चिकटले होते. एका कडेला जरा फट होती, शीळ तिथूनच येत होती. पाण्याचा हात लावून फडके सोडविले. शीळ वाढली. सावित्रम्मा "अण्णा" एवढेच म्हणाली आणि मग तिनेच त्यांच्या पाठीला हात घातला.

गुंडाने त्यांना पायांकडून उचलले. बसल्या बसल्याच त्यांना टांग्यात घेतले. कर्णे होतेच, बॅटरी जोडली. "बाजूला व्हा, टांग्यात पेशंट हाय," असे त्यांच्यासारखे तिन्ही भाषांत सांगत गेलो. माझे कानडी वाईट आहे. सिनेमा समजून पोरे मागे धावली, पण वाट मिळाली.

दवाखान्यात विभूती पाहून वॉर्डबॉय म्हणाला, "मयताची खोली मागं हाय." मी म्हणालो, "मागं न्हाय, आत घ्या." नर्सबाई ऑक्सिजन नाकाला लावू लागल्या तेव्हा मी गळ्याकडे बोट केले. डॉक्टरीण बाईंनी लगेच नळी खाली धरली व चिमट्याने खपली काढली. शिवलिंगप्पा खोकले. मग त्यांनी डोळे उघडले.

सावित्रम्माने हे जाणूनबुजून केले काय, असे विचारता सांगतो की, नाही. आडवे ठेवले असते तर राहिलेली फटही बुजली असती, बसविले म्हणून तगले, असे डॉक्टरीण बाई म्हणाल्या. गोजरबाईनेही ठाऊक होते ते सर्व केले. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

उद्या त्यांना सोडणार असून बहीण गावी नेणार आहे. तिची माया खरी आहे. नेऊ नका म्हणायला मी त्यांच्या भावकीतला नाही. परंतु त्या गावात त्यांचा श्वास कोणाच्या कानाच्या ओळखीचा नाही. सबब या जबाबाची नक्कल तिथल्या पोलीस पाटलांकडे पाठवावी. तीत खाली रेघ ओढून लिहावे की, हा इसम पडलेला दिसल्यास नाक पाहू नये. मफलर सोडावा, फडके भिजवून काढावे, कान गळ्याशी न्यावा आणि बाकीच्यांनी गप्प राहावे. पत्र्याची पट्टी मी दवाखान्यात नेऊन दिली. त्यांनी पाटीवर "घालतो" असे लिहिले आहे.

शनिवारपासून भिंतीपलीकडून काही ऐकू येत नाही, सबब झोप नाही. हे तपासाच्या कामाचे नाही, लिहू नका, असे मी सांगेपर्यंत हवालदारांनी लिहून टाकले होते. असू द्यावे.

जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला, मी कान देऊन ऐकला. सांगितला तसाच उतरला आहे. 'रुग्णाशी संबंध' येथे 'शेजारी' लिहिले आहे. तेही उद्यापर्यंत बरोबर आहे.

सही
धुळा कोंडीबा मेटकरी