डी ड्राइव्हचं गाऱ्हाणं

अहो, पाच मिनिटांचं काम म्हणाला होता तो शेजारचा अनय! 'काका, डिस्क एकच, तिच्या दोन खोल्या, सी आणि डी. सी भरून लाल झालीय ना? डीची थोडी जागा घ्यायची, मधली भिंत सरकवायची… झकास!' सरकवली. तुम्हाला सांगतो, बटण दाबलं आणि पाटी आली : 'साडेतीन तास लागतील. कॉम्प्युटर बंद करू नये, माहिती जाईल.' आधी नाही सांगायचं रे?

आणि डीमध्ये काय? बाबांचं गाऱ्हाणं! बाबा गेले चार वर्षांपूर्वी. आम्ही कोकणातले, गणपतीत देवापुढे गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घालायचं तर आता त्यांचं रेकॉर्डिंगच लावतो, आम्ही नुसते मागून 'व्हय म्हाराजा!' कुंदा, म्हणजे आमची ही, विचारते, 'बॅकअप घेतलात ना?' घेतला की! कुठे? डीमध्येच… कपाटाची जास्तीची चावी त्याच कपाटात!

बारा टक्के. कॉम्प्युटर बंद करू नये! मिक्सर लावू नकोस गं, फ्यूज उडेल! वीस टक्के… आणि बेल. सोसायटीचे सेक्रेटरी जयवंतराव. 'मीटर बदलतायत, दहा मिनिटं लाइट जाणार हां.' दहा मिनिटं? वाट लागेल माझी!

बनियनवरच धावलो खाली, मीटरच्या खोलीच्या दारात फतकल मारली. वायरमन म्हणतो, 'काका, बाजूला व्हा ना.' समजावून सांगायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते… 'बा बारा गावच्या म्हाराजा! ह्या लेकरान अडाणीपणान भिंत सरकवल्यान, काय चुकला असात तर पदरात घे, पण माझ्या बापाशीचो आवाज सुखरूप ऱ्हवांदे रे म्हाराजा!' अहो, मला कधी येत होतं हे? आणि वायरमन निघाला कणकवलीचा! पक्कड खाली, हात जोडलेले, 'व्हय म्हाराजा!' मग जयवंतराव, मग वॉचमन, मग भाजी घेऊन आलेल्या तळमजल्यावरच्या माधुरीताई… 'व्हय म्हाराजा!' वायरमन म्हणाला, 'होऊन जाऊंदे काका, मी आधी बी विंगचं बघतो.' तरी मी हललो नाही.

तीन तासांनी वरून कुंदाची हाक, 'झालं हो! शंभर!' धापा टाकत गेलो, फाईल लावली… बाबांचा आवाज! रडलो, खोटं कशाला सांगू?

सी मोकळी झाली, म्हटलं सुटलो. सकाळी उठून बघतो तर कॉम्प्युटरने आपणहून कसलं तरी अपडेट घेतलेलं… सी पुन्हा लाल! कुंदा म्हणते, 'सरकवा परत भिंत.' मी त्या लाल पट्टीला हात जोडले, म्हटलं, बाये, तू अशीच लाल ऱ्हव. मागून कुंदा, 'व्हय म्हाराजा!'