दोरी कोणाच्या हातात होती याबाबत

जबाब देणार: धंद्यात ‘शेंडा’ म्हणून ओळखला जाणारा. वय बावन्न. धंदा: घरांना लागून वाढलेली मोठी झाडं उतरवणे. राहणार: लाकडाच्या वखारीमागे, जिन्याखालचं घर.

विचारल्यावरून समक्ष सांगतो की, मी वरील ठिकाणी बायको आणि मेहुण्यासह राहतो. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आम्ही दोघं मिळून देवदार, पाइन असली सुईसारख्या पानांची उंच झाडं उतरवतो. मी वर असतो म्हणून शेंडा, तो खाली असतो म्हणून बुंधा. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो म्हणून ते नाव पडलं, असं बायको म्हणते. चोरीच्या संशयावरून आज ज्याला बाहेरच्या बाकावर बसवलंय तो हाच बुंधा. त्याने चोरी केलेली नाही. साहेब म्हणतात, ते शेवटी सांगा. मी आधीच सांगून टाकतो.

आमची कामाची रीत अशी. बुटांना काटे आणि कमरेला पट्टा लावून मी फांद्या कापत वर जातो. मग शेंडा, मग खोड तुकड्या-तुकड्याने. कापायचा तुकडा आधी दोरीला बांधतो. दोरी कप्पीतून खाली जाते, खोडाला वेढे घेते आणि तिचं टोक मेहुण्याच्या हातात असतं. मी ओरडतो, ‘सोडतो!’ तो ओरडतो, ‘सोडा!’ हे ऐकल्याशिवाय मी करवत लावत नाही. त्याने दोरी एकदम आवळली तर वर मला असा हिसका बसेल की विचारू नका. एकदम सोडली तर खाली जे असेल त्याचा चुरा. बुंधा ती इतकी हळू सरकवतो की झोपलेलं मूलसुद्धा कोणी एवढ्या हळू खाली ठेवत नसेल.

‘सोडतो’ आणि ‘सोडा’ याखेरीज गेले आठ महिने आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. घरी पाहुणे जेवायला बसले असताना तो म्हणाला, ‘भावोजी, हल्ली तुमच्या आधी तुमचं पोटच झाडाला टेकतं. चढणं बंद करा आता.’ पाहुणे खो-खो हसले. माझं डोकं फिरलं. तेव्हापासून मिठाची बरणीसुद्धा बायकोमार्फत सरकते, आणि ती दोघांनाही शिव्या घालते.

आजचा देवदार घराला अगदी चिकटून होता. खाली कुंड्यांची काचेची खोली. घरमालकीणबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून काम बघत होत्या. त्यांनी खाली पडलेली एक डहाळी उचलली, हाताला राळ लागली. बुंधा दोरी न सोडता म्हणाला, ‘बाई, साबणाने नाही जायची. तेल चोळा.’ बाई आत गेल्या. थोड्या वेळाने अंगठी गेल्याचा आरडाओरडा झाला. स्वयंपाकघराचं दार उघडं आणि दारापाशी परका माणूस एकच. बाईंनी पोलिसांना फोन केला.

शिपाई आले तेव्हा मोठा ओंडका दोरीवर अर्ध्यात होता. बुंधा त्यांना म्हणाला, ‘जरा थांबा, एवढं खाली टेकू दे, मग म्हणाल तिथे येतो.’ ओंडका टेकवून, दोरी नीट बांधून तो त्यांच्याबरोबर निघाला. फाटकातून त्याने वर बघितलं. मी वरून नुसतंच ओरडलो, ‘सोडतो!’ कोणी ‘सोडा’ म्हणालं नाही. मला रडू आलं. साहेब म्हणतात, हे लिहायची गरज नाही. लिहा. मी खाली उतरलो आणि पट्टाही न काढता इथे आलो. साहेबांच्या खुर्चीला राळ लागली आहे, त्याबद्दल दिलगीर आहे.

अंगठी गेली म्हणतात त्या वेळात एकामागून एक ओंडके काचेच्या खोलीवरून खाली आले. साहेबांनी जाऊन बघावं, एकाही काचेला तडा नाही. दोरी सोडून तो आत गेला असता तर बाईंना अंगठी राहू दे, काचा गोळा कराव्या लागल्या असत्या.

इतकं लिहून होतंय तोच बाईंचा फोन आला. अंगठी तेलाच्या वाटीत सापडली. राळेने तेल काळंकुट्ट झालं होतं, त्यामुळे तळाशी दिसली नाही. बाईंनी रडकुंडीला येऊन माफी मागितली आणि तक्रार मागे घेतली. साहेबांनी पेन ठेवलं, म्हणाले, ‘मिटलं! मेहुण्याला घेऊन घरी जा.’ मी जागचा हललो नाही. म्हणालो, ‘अंगठी सापडली नसती तरी तो चोर नव्हता, साहेब. तेवढं कागदावर येऊ दे.’ साहेबांनी कपाळाला हात लावला आणि पेन उचललं.

तर सांगतो की, आठ महिने मी त्याच्याशी धड बोललो नाही, पण दोरी दुसऱ्या कोणाच्या हातात द्यावी असं एकदाही मनात आलं नाही. माझा जीव मी रोज त्याच्या हातात देऊन वर जातो. उद्या उरलेलं खोड उतरवायचं आहे. तो खाली असेल तरच मी चढेन.

हा जबाब मला वाचून दाखवला. बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जावा म्हणून साहेबांना खणखणीत आवाजात वाचायला लावला. मी सांगितलं तसाच तो लिहिला आहे.

सही करण्यापूर्वी बाकावरून आवाज आला, ‘साहेब, पोटाचं मी बोललो ते खोटं होतं का, तेही विचारून घ्या!’

विचारल्यावरून सांगतो की, खोटं नव्हतं.