पुरवणी

बाई : …टोपी, कात्री, पूल, लोणी आणि शेवटचा दिवा. झाले पंधरा. मोज हवं तर.

शब्दवाली : मोजले. पंधरापैकी पंधरा.

बाई : मग तोंड असं का? पैकीच्या पैकी मिळाले की मी मुलांच्या पाटीवर चांदणी काढायचे. तू नुसती टिकमार्क करतेस.

शब्दवाली : बाई, आज अजून एक यादी घेऊ का? नवी आहे.

बाई : नवी? तुमच्या तर तीनच याद्या असतात, आलटून पालटून.

शब्दवाली : ही मी काल बनवली. दहाच शब्द आहेत. ऐका. चाक, पिशवी, ढग, सुई, जिना, मीठ, बासरी, कुलूप, पंख, गवत.

बाई : सावकाश वाच गं. मागच्या बाकावरच्यालाही ऐकू गेलं पाहिजे. परत वाच.

शब्दवाली : परत वाचता येत नाही, नियम आहे. दहा मिनिटांनी विचारेन. तोवर बोलू आपण.

बाई : बोलण्याला नियम नाही ना? मग बोल. सगळं मीच बोलते नेहमी.

शब्दवाली : शुक्रवारी विद्यापीठात प्रदर्शन होतं. सगळ्या विभागांचं. प्रत्येकानं आपलं संशोधन एका पोस्टरवर मांडायचं.

बाई : माहीत आहे मला. आवाजवाली पंधरा दिवस त्याचंच रडगाणं गात होती. चार वर्षांचं काम एवढ्याशा कागदावर कसं मावणार म्हणे. मी म्हटलं, चौथीतल्या मुलाला सांगतेस तसं लिही, मावेल आणि वर जागाही उरेल.

शब्दवाली : आवाजवाली कोण?

बाई : भाषा विभागातली. माझ्याकडून शब्द म्हणवून घेते आणि म्हणताना जीभ कुठे लागते ते बघते. तुमच्या विभागांची नावं म्हणजे आगगाडी. डबे मोजता मोजता इंजिन निघून जातं. म्हणून मी आपली सोपी नावं ठेवलीत. तू शब्दवाली.

शब्दवाली : आणि गुडघ्यांना टिकल्या लावतो तो?

बाई : तो चालवाला. यंत्रांच्या इमारतीतला. चमकत्या टिकल्या लावून मला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बारा वेळा चालवतो. म्हातारी माणसं पडायच्या आधी कशी चालतात ते त्याला शोधायचंय. मी म्हटलं, बाळा, मी पडल्याशिवाय तुला कळणार कसं? तर कानापर्यंत लाल झाला बिचारा… तुला गं कसा ठाऊक तो?

शब्दवाली : त्याच्या पोस्टरवर फोटो होता. गुडघ्यापासून खालचा. निळे मोजे, उजव्या अंगठ्याशी रफू केलेले.

बाई : लोकर चांगली आहे. टाकवत नाही.

शब्दवाली : मग मी बाकीची पोस्टरं नीट वाचली. एकाहत्तर वर्षं, स्त्री, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, एकटी राहते. हेच पाच ठिकाणी. आमचं धरून सहा.

बाई : तोंड नव्हतं ना कुठे माझं?

शब्दवाली : नाही. एकावर गुडघे. झोपेच्या प्रयोगशाळेच्या पोस्टरवर मेंदूच्या लाटा. भाषेच्या पोस्टरवर तुमच्या ‘ळ’चा आलेख. गणिताच्या पोस्टरवर एक लाल ठिपका, एकटाच, बाकीच्या ठिपक्यांपासून लांब.

बाई : तो रांगवाला. माणसं रांगेत किती वेळानं वैतागतात ते मोजतो. मी वैतागतच नाही. पुढे माणूस, मागे माणूस, काय वाईट आहे? त्याचं गणितच बिघडलं माझ्यामुळे.

शब्दवाली : आणि पर्यावरण विभागाच्या टेबलावर एक बाटली होती. तुमच्या कपाटावरच्या धुळीची.

बाई : धूळवाला घरी आला होता. एवढासा ब्रश घेऊन स्टुलावर चढला. म्हणाला, बाई, कपाटावरचं पुसू नका, तीन महिन्यांनी परत येतो. लोक कुणी यायचं म्हटलं की घर झाडून ठेवतात, मी न झाडता ठेवलं.

शब्दवाली : बाई, फॉर्मवर प्रश्न होता. ‘सध्या दुसऱ्या कोणत्या अभ्यासात भाग घेत आहात का?’ तुम्ही ‘नाही’ लिहिलंत.

बाई : खोटं लिहिलं. खरं लिहिलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी दारातून परत पाठवलं असतं.

शब्दवाली : आमच्या शब्दांच्या याद्या झोपेच्या प्रयोगशाळेत वापरतात. चालीच्याही. तुम्ही त्याच तीन याद्या तिन्हीकडे ऐकताय, वीस महिने.

बाई : पंचेचाळीस शब्द. त्यात काय! चाळीस मुलांची नावं बापाच्या नावासकट पाठ असायची मला. घरी जाऊन वहीत उतरवले आणि रोज सकाळी पाढ्यांसारखे म्हटले. घोकंपट्टी वाईट, हे आयुष्यभर मुलांना शिकवलं, आणि उतारवयात स्वतः पोपट झाले. झालीत का गं दहा मिनिटं?

शब्दवाली : झालीत. सांगा.

बाई : चाक. सुई… ढग. थांब. घाई करू नकोस. चाक म्हटलं ना?

शब्दवाली : म्हटलंत.

बाई : खिडकी.

शब्दवाली : खिडकी नव्हती.

बाई : समोर दिसतेय म्हणून म्हटलं. कॉपी करणारं पोर असंच पकडलं जातं. किती झाले?

शब्दवाली : तीन.

बाई : तीन. सहीला पालकांना बोलवावं लागेल.

शब्दवाली : एका यादीवरून काही ठरत नाही, बाई. पण डॉक्टरांनी बघायला हवं.

बाई : अगं, मला ठाऊक आहे. वर्ष होत आलं. घरी प्रत्येक कपाटावर चिठ्ठी आहे. इथे कप, इथे गोळ्या, गॅस बंद केलास का. धूळवाल्याला वाटलं मी फार टापटिपीची. म्हणून तर घोकत होते. विसरायला लागले हे तुम्हाला कळलं की तुमच्या उपयोगाची राहणार नाही मी.

शब्दवाली : मला तुमचे आकडे वगळावे लागतील. वीस महिन्यांचे सगळे. आणि बाकीच्यांनाही कळवावं लागेल.

बाई : आकडे वगळ. चूक माझी आहे. पण मला गं?

शब्दवाली : तुम्हालाही.

बाई : सगळ्यांकडून?

शब्दवाली : हो.

बाई : मंगळवारी तू असतेस. बुधवारी चालवाला, गुरुवारी आवाजवाली. महिन्यातून दोन रात्री झोपेवाली. रांगवाला बोलावेल तेव्हा. त्यावर आठवडा उभा होता. उद्यापासून मी सकाळी चपला घालून कुठे जायचं, ते एवढं सांग.

शब्दवाली : एक अभ्यास आहे. रस्त्यापलीकडच्या इमारतीत, मेंदूच्या डॉक्टरांचा. ज्यांना विसरायला होतं त्यांच्यासाठीच आहे. दर आठवड्याला एकदा जायचं, पाच वर्षं. तपासण्या, व्यायाम, सगळे एकत्र बसून गप्पा. त्यात तुम्ही बसू शकाल.

बाई : म्हणजे नापास झाले म्हणून प्रवेश? असली शाळा पहिल्यांदाच ऐकतेय.

शब्दवाली : मी सकाळीच फॉर्म आणून ठेवला. फक्त एक अट आहे. तुम्हाला जवळून ओळखणारं कुणीतरी लागतं. तुमच्याबद्दलचे तीस प्रश्न त्या माणसाला विचारतात. तुम्हाला नाही.

बाई : मला का नाही?

शब्दवाली : कारण विसरलेलं आपलं आपल्याला कळत नाही. दुसऱ्याला दिसतं. तुमच्या मुलाला फोन लावू?

बाई : त्याच्याकडे आत्ता ऑफिसची वेळ आहे… लाव. स्पीकरवर ठेव. मी आहे हे सांगू नकोस, मोकळेपणानं बोलेल.

(फोनची रिंग बराच वेळ वाजते.)

मुलगा : हॅलो? कोण? विद्यापीठातून? आई पडली का?

शब्दवाली : नाही, नाही, बऱ्या आहेत. एका अभ्यासासाठी त्यांच्याबद्दल थोडं विचारायचं होतं. पाच मिनिटं आहेत?

मुलगा : पाच आहेत, सहा नाहीत. विचारा.

शब्दवाली : गेल्या वर्षभरात त्या तेच तेच परत सांगतात असं जाणवलं?

मुलगा : ते तर मी पहिलीत असल्यापासून! शिक्षिका आहे हो ती. तीनदा सांगितल्याशिवाय तिला सांगितल्यासारखं वाटत नाही.

शब्दवाली : स्वयंपाक स्वतः करतात?

मुलगा : रोज. फोन केला की दर वेळी म्हणते, गॅसवर भाजी आहे, ठेवते.

शब्दवाली : वस्तू हरवतात, तारखा विसरतात, असं काही?

मुलगा : आई? माझ्या दहावीचे मार्क विषयवार सांगेल तुम्हाला. स्मरणशक्ती म्हणजे तिजोरी आहे.

शब्दवाली : रोज कुणाला भेटतात, काही कल्पना?

मुलगा : तिचा गोतावळा माझ्यापेक्षा मोठा आहे. तुमच्याच विद्यापीठात असते सारखी. कुणी चालवाला, कुणी धूळवाला, मजेत असते. तिची काळजी वाटत नाही मला, खरं सांगतो. तेवढंच एक सुख आहे.

शब्दवाली : तुम्ही त्यांना शेवटचं प्रत्यक्ष कधी भेटलात?

मुलगा : या… नाही. घर बदललं त्याच्या आधी. म्हणजे… दोन वर्षं? अडीच. का हो?

शब्दवाली : फॉर्मवर विचारलंय.

मुलगा : या वर्षी यायचंच आहे. सांगा तिला. नको, मीच सांगतो रविवारी. ठेवू?

शब्दवाली : ठेवा. आभारी आहे.

बाई : त्याला मनात नावं ठेवू नकोस हं. प्रेमळ आहे. आदल्या वर्षीच्या पेपरची उत्तरं पाठ करून बसलाय, एवढंच. माझाच मुलगा.

शब्दवाली : गॅसवर भाजी असते खरंच?

बाई : गॅस नाही लावत मी हल्ली. पण दोन मिनिटांनी त्याला बोलायला सुचेनासं होतं. मग मीच काहीतरी निमित्त देते, त्याला ओशाळं वाटू नये.

शब्दवाली : अट अशी आहे, सहा महिन्यांत प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस हवं. शेजारी कुणी?

बाई : शेजारी मला ओळखतात. लिफ्टमध्ये. ‘कितवा मजला’ एवढं.

शब्दवाली : मग मी. मी वीस महिने बघतेय तुम्हाला. थांबा, पहिला प्रश्न. ‘या व्यक्तीचा दिवस कसा जातो?’

बाई : सांग की.

शब्दवाली : तुम्ही… दहाला येता. छत्री दाराशी ठेवता. बाई, मला तुमचे पंधरा शब्द माहीत आहेत. त्यापलीकडे काही नाही.

बाई : तुझा विषयच तेवढा होता. चालवाल्याला विचार, माझा डावा पाय कधीपासून ओढला जातो, तारखेसकट सांगेल. रांगवाल्याला विचार, मी कितीही वेळ उभी राहते. आवाजवालीनं मला गुरुवारी विचारलं, बाई, तुम्ही नामांच्या जागी ‘ते हे’ का म्हणायला लागलात? तिच्याकडे मोजून आहे ते, किती वेळा. चिठ्ठ्या धूळवाल्यानं पाहिल्यात. सगळ्यांचं मिळून एक ओळखीचं माणूस होणार नाही का गं?

शब्दवाली : फॉर्मवर नावाला एकच ओळ आहे.

बाई : ओळ संपली म्हणून उत्तर संपतं का? मागायची पुरवणी. तीस वर्षं सुपरव्हिजन केलंय मी. हात वर आला की कागद द्यायचा, पोराला ‘पुरे झालं’ म्हणायचं नाही.

शब्दवाली : ते मान्य करतील असं मी सांगू शकत नाही.

बाई : नाही केलं तर नाही. कोरा तर जाणार नाही.

शब्दवाली : सही माझी करते. सगळ्यांकडे जाऊन मी लिहून आणते, आणि फॉर्म घेऊन स्वतः जाते. सही करणाऱ्यानं महिन्यातून एकदा तुमच्याबरोबर तिथे यायचं असतं. पण बाई, मार्चमध्ये माझा प्रबंध जमा होईल. त्यानंतर मी कुठे असेन, मलाच माहीत नाही.

बाई : मार्चपर्यंत म्हणजे चार वेळा. चार पुष्कळ झाले. लिही, वर समास सोड. अक्षर मोठं काढ.

शब्दवाली : चाल, लिहिलं. आवाज, लिहिलं. चिठ्ठ्या. झोपेवाली काय सांगेल?

बाई : साडेतीनला जाग येते, हे सांगेल. त्याआधी म्हणे मी झोपेत बोलते. ती काचेपलीकडे बसून ऐकते.

शब्दवाली : काय बोलता?

बाई : हजेरी घेते. एक नाव घेते, थांबते. दुसरं घेते, थांबते. शेवटचं नाव झालं की जाग येते. पुन्हा झोप नाही.

शब्दवाली : रोज?

बाई : तिच्याकडे नोंद आहे. एकदा मात्र तिला राहवलं नाही. पलीकडून माइकवर ‘हजर’ म्हणाली. मग पुढच्या नावालाही म्हणाली. शेवटपर्यंत म्हणत राहिली, प्रत्येक वेळी आवाज जरा बदलून. त्या दिवशी मी सकाळी सातपर्यंत झोपले. उठल्यावर मला कळेना, इतकं हलकं का वाटतंय. तिनंच सांगितलं, रडत रडत.

शब्दवाली : प्रयोग चालू असताना असं करता येत नाही.

बाई : नाहीच येत. त्या रात्रीचे आकडे तिनं फेकून दिले. मशीन बंद पडलं होतं, असं सरांना सांगितलं.

शब्दवाली : बाई, हे सगळ्यात वर लिहिते.

बाई : हे नको लिहूस. पोरीला बोलणी बसतील.