वसंताचा शेवटचा सेल

मंडळी, सगळी चाळ इथे जमली आहे. याच चाळीत, करी रोडला, मी वसंताकडे जेवायला यायचो. आज त्याच्याच शोकसभेत उभा आहे. काय बोलू? आमच्यात बोलायचं काम त्याचं, कुरकुरायचं माझं.

टायफॉइडनं त्याला नेलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण परळच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघं करायचो तरी काय, असं जिन्यात मला अजून विचारता. सांगतो. काचेवर कॅडमियम सल्फाइडचा पातळ थर द्यायचा. त्यावर उजेड पडला की त्यातून वीज वाहते, मीटरचा काटा हलतो. हा आमचा सेल. पण दिवा मालवला तरी वीज वाहतच राहायची. काटा रेंगाळायचा. असला सेल काय कामाचा? उजेड गेला की सेलनं तो तिथल्या तिथे विसरला पाहिजे. वसंताला ध्यास होता तो एवढाच. खालून मोर्चा जायचा, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" हा अंधारातून ओरडायचा, "काटा शून्यावर आलाच पाहिजे!"

आमची खोली काळ्या पडद्यांची. आत शिरण्याआधी "उजेड!" अशी हाळी द्यायची. आतला म्हणणार, "थांब रे, झाकतो." सेल झाकल्याशिवाय दार उघडायचं नाही. मंडळी, मी अजून हाळी देतो. अजून थांबतो. आणि मला वसंताचं उत्तर ऐकू येतं. भूतबित मी मानत नाही. पण ऐकू येतं, त्याला काय करू?

त्याचा शेवटचा सेल पेटीत तसाच होता. तपासायचा धीर मला होईना. जमला नसेल तर? एवढी वर्षं फुकट? काल सुमनवहिनी स्वतः आल्या. म्हणाल्या, "भावोजी, बघून टाका. ह्यांचं काम झालं की नाही, मला कळू दे."

मीटर पडद्याबाहेर असतो. वहिनींना तिथे उभं केलं. बटणही बाहेरच. दिवा लावला. काटा सरसर वर गेला. दिवा मालवला. काटा झटक्यात शून्यावर! मी ओरडलो, "वहिनी, जमलं! वसंतानं जमवलं!"

वहिनी काट्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "एवढ्या लवकर विसरायचं असतं?"

मी आत जाऊन सेल झाकला. उठा, मंडळी. जरा वेळ सगळे गप्प उभे राहू या.

वसंता, सावकाश जा रे.