नंदाच्या मशीनचं घड्याळ

मी मूळचा नाटे गावचा, आमचा सगळा गोतावळा मासेमारीतला, वडील होडीवर, काका होडीवर, आणि मी असा नामांकित निघालो की होडी खाडीच्या तोंडाशी आली की मला उलटी. वडील म्हणायचे, हा मेला पाण्यावर काय कामाचा नाय, ह्याला कायतरी सुक्यातलं शिकवा. मग रत्नागिरीत मामांकडे आलो, आधी रेडिओ, मग टीव्ही, आणि मग कॉम्प्युटर. आता पन्नाशी उलटली. दुकान आहे, बाहेर पाटी आहे, आणि काय सांगू तुम्हाला, आत येणारं गिऱ्हाईक म्हणजे एकेक रत्न.

एकाने मला फोन केला, भाऊ, कॉम्प्युटर सुरू होत नाही. म्हटलं, पिन लावलीय काय? तर म्हणतो, पिन शोधायला अंधार आहे, सकाळपासून लाईटच नाही. आता ह्या माणसाला मी काय दुरुस्त करू? मशीनची नव्हे हो, माणसांचीच सर्व्हिसिंग करायला पाहिजे वर्षातून एकदा.

पण एका जावईबापूंची सर कोणाला नाही. आमच्याकडे दत्तूशेठ म्हणून आहेत, काजूचा कारखाना आहे त्यांचा, तीसेक बायका काजू सोलायला. तिथे वजन घ्यायला एक जुनं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर आहे, आता तसं भंगारातसुद्धा मिळणार नाही. वजनकाट्याची वायर नऊ पिनांची, ती नवीन कॉम्प्युटरला बसत नाही, आणि वजनाचा प्रोग्रॅम लिहिणारा माणूस कधीच दुबईला गेला. म्हणून ते मशीन मरू द्यायचं नाही. त्यावर नंदा बसते. सतरा वर्षं बसते. आधी ती सोलायलाच होती, काजूच्या तेलाने हात सोलवटलेले, मग शेठनी बघितलं की बाईचा हिशोब पक्का, म्हणून वर खुर्चीत बसवली.

तर शेठचे जावई पुण्याचे, कॉम्प्युटरमधले मोठे कोण. एप्रिलमध्ये आले, आणि म्हणाले, मी पुण्यात बसून ह्या मशीनमध्ये शिरणार, रोजचं वजन बघणार. काहीतरी घातलं त्यात, पुण्याचा लॅपटॉप पण बरोबरच आणला होता, त्यावर नंदाचा पडदा दिसला, सगळ्यांना दाखवला, टाळ्याच बाकी होत्या. दुसऱ्या दिवशी पुण्याला पोचले आणि बघतात तर काही दिसत नाही. मग रोज फोन. नंदाला सांगायचे हे दाबा, ते दाबा, बंद करून चालू करा. आठ दिवस त्या बाईला नाचवली. शेवटी जावईबापूंनी निदान केलं, की बाई मुद्दाम बंद करते, आपल्याला वजन दिसू नये म्हणून. सोमवारपासून दुसरं कोणीतरी बसवा, हिला परत सोलायला खाली पाठवा.

शेठना पटलं नाही, पण जावयापुढे बोलवेना. त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, अनंता, तू मशीन बघ, आणि फक्त एवढं सांग, बाई बंद करते की नाही. तू सांगशील ते खरं.

मी गेलो तो अगदी न्यायाधीश होऊन गेलो. खाली तीस बायकांचे हात थांबलेले, वर नंदा खुर्चीत ताठ. म्हटलं, काय गो नंदा, संध्याकाळी मशीन बंद करतेस काय? म्हणाली, करते. पिनासुद्धा काढते. बघा शेठ, मी मनात म्हटलं, कबूलच झाली. म्हटलं, कोणी सांगितलं होतं? तिने मशीनच्या कडेला बोट दाखवलं. तिथे कागद चिकटवलेला. घरी जाताना मेन बंद, सगळ्या पिना उपटणे. अक्षर माझं. वळवाच्या विजेने एकदा आतलं कार्ड जळलं होतं, तेव्हा मीच तीस बायकांसमोर हिच्यावर ओरडून तो कागद डकवला होता.

बरं, रात्री बंद असतं हे मान्य, पण सकाळी चालू केल्यावर तरी दिसायला हवं ना? मी बसलो, वायर बघितली, नेट बघितलं, सगळं उत्तम. तासभर गेला. मग नंदा म्हणाली, भाऊ, घड्याळ बघा वायच. कोपऱ्यात तारीख बघतो तर मशीन जन्माला आलं ते साल! असं होतं बघा, मशीनमध्ये रुपयाएवढा एक सेल असतो, तो मेला की पिन काढल्याबरोबर मशीन सगळं विसरतं आणि आपल्या बालपणात जातं. आणि ही आत शिरायची भानगड एकमेकांची ओळखपत्रं बघून चालते, ओळखपत्रावर तारीख असते, ह्या मशीनच्या हिशोबाने ते ओळखपत्र अजून निघालेलंच नाही. मग दार कसं उघडणार?

म्हटलं, तुला कसं कळलं? म्हणाली, जावईबापूंनी पहिल्या दिवशी तारीख हाताने नीट केली, तेव्हाच चाललं होतं. मी फोनवर ते सांगायला गेले तर म्हणाले, तुम्ही फक्त मी सांगतो ते दाबा.

मी हसलो हो, पोट धरून हसलो. म्हटलं, हा तुमचा पुण्याचा विद्वान! तारीख दुरुस्त करतो आणि ती का चुकली हे विचारत नाही!

नंदा हसली नाही. म्हणाली, मागच्या वर्षी तुम्हालाही सांगितलं होतं मी, घड्याळ मागं जातं म्हणून. तुम्ही म्हणालात, तुला घड्याळाशी काय करायचंय, तू वजन घे.

शेठ माझ्याकडे बघतायत. खालून तीस बायका बघतायत. एवढं मोठं नाटक आणि माझं भाषण विसरलेलं.

मी सेल बदलला, तारीख घातली, आणि जावईबापूंना फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. म्हटलं, बघा, दिसतंय काय? म्हणाले, हो, दिसतंय, काय केलंत? म्हटलं, बंद करायला मीच सांगितलं होतं, सेल मी बदलला नव्हता, आणि बिघाड कुठे आहे ते फक्त नंदाला माहीत होतं, पण आपण दोघं हुशार पडलो. मग म्हणाले, ठीक आहे, मी नंतर बोलतो. शेठ नंदाला म्हणाले, तू बस गो जागेवर. खाली हात परत चालू झाले.

नंदा आहे अजून त्याच खुर्चीत. जावईबापू पुण्यातून रोज बघतात, आणि काही अडलं की, मान खाली घालावी लागली तरी, सकाळी तिलाच फोन करून विचारतात. माझे मात्र आभार मानायचे सोडाच, तिने एक वही केलीय. मी मशीनला हात लावला की काय केलं, का केलं, ते लिहायचं आणि खाली सही. परवा मी म्हटलं, अगो, एवढा अविश्वास? म्हणाली, अक्षर जरा सुवाच्य काढा. काढतो बापडा. देव तिला बरी ठेवो, तिथून हलली तर त्या मशीनचं आणि माझं काही खरं नाही.