रांगोळीची रेघ

(उंब्रज. हायवेलगतच्या घराचा ओटा. निवृत्त चित्रकला शिक्षक मानसिंग मांडीवर कागद घेऊन बसलेत. समोर त्यांची बायको अंजना.)

मानसिंग : मान जरा डावीकडं. अजून थोडी. हां, आता हलू नकोस.

अंजना : आवं, वड तोडला म्हणून माझा नंबर लागला व्हय?

मानसिंग : तसं नाही गं.

अंजना : तसंच हाय. लगीन झाल्यापासनं बघतीया, रोज सकाळी त्यो वड. रस्ता रुंद करणाऱ्यांनी न्हेला, तवा मी दिसले.

मानसिंग : एकच झाड रोज काढलं, म्हणून तर बघायला शिकलो. त्याची पानं कुठल्या अंगाला आधी पिवळी पडायची, तेसुद्धा सांगीन मी.

अंजना : सांगाल की. आन् मला एक डोळा झाकून, पेन्सिल लांब धरून मापताय. कवातरी दोन्ही डोळं उघडून बघायचं हुतं.

मानसिंग : माप असंच घेतात. बोलू नकोस, हनुवटी हलते. आणि हात मांडीवर नीट ठेव.

अंजना : ठेवलाय.

मानसिंग : हलतोय. उजवा.

अंजना : मी हलवत न्हाई. त्यो आपला आपण हलतो.

मानसिंग : कधीपासून?

अंजना : बशीत चहा सांडायला लागला, तवा ‘लक्ष कुठं असतं तुझं’ म्हणून खेकसला न्हवं का? तवापासनं.

मानसिंग : मला वाटलं, घाईत असशील.

अंजना : दिवाळीला दारात रांगोळी घातली, तवा शेजारच्या विजयमालापुढं तुमी हसला. म्हणला, ड्रॉइंग मास्तरची बायको आन् रेघ बघा किती वाकडी. रेघ दिसली तुमास्नी. हात न्हाई दिसला. पुन्हा मी रांगोळीला हात लावला न्हाई, ते तरी कुठं दिसलं?

मानसिंग : मला सांगायचं होतंस.

अंजना : वडानं सांगितलं हुतं व्हय, पानं पिवळी पडल्याती म्हणून?

मानसिंग : सगळा जन्म पोरांना शिकवलं, आधी बघा, मग काढा. लाज वाटते गं अंजना.

अंजना : वाटू द्या. उत्कर्षाला सांगलीत बसून हात दिसला, व्हिडिओ कॉलवर. लेक उद्या नसांच्या डॉक्टरकडं न्हेतीया मला.

मानसिंग : उद्या? मीपण येतो.

अंजना : कशाला? दवाखान्याच्या दारात झाड न्हाई.